स्क्रूच्या आधी पट्टा

«मॅडम, नमस्कार. वय ४४, शाळेत गणित शिकवतो. लहानपणापासून दोन्ही कान फुटतात. उजव्या कानाची दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्या वेळी 'हाड सडलं होतं, साफ करून मोठी पोकळी केली आहे' असं सांगितलं. डाव्या पडद्याला भोक आहे. पाच वर्षांपूर्वी उजव्या कानात मशीन घेतलं. ऐकू चांगलं यायचं, पण आठवडाभर घातलं की कान वाहायला लागायचा. मग थेंब, मग मशीन बंद, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. हल्ली ते ड्रॉवरमध्येच असतं. फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागून कुणी काही विचारलं तर कळत नाही, आणि हे आता मुलांनाही माहीत झालंय. नव्या डॉक्टरांनी 'हाडातून ऐकवणारं मशीन' सुचवलं, त्यासाठी कवटीला स्क्रू बसवावा लागेल म्हणाले. तो शब्द ऐकून घरी आलो तो परत गेलोच नाही. नंतर स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने त्याचा बोन कंडक्शन, म्हणजे हाडातून ऐकवणारा, हेडफोन माझ्या डोक्याला लावला आणि गाणं एकदम स्पष्ट! मग स्क्रू कशाला, हाच घेतला तर? दुसरं, माझी आई ७६ वर्षांची आहे. तिच्या दोन्ही कानांना मशीन आहे, पण कानातला साचा टोचतो म्हणून काढून ठेवते. तिलाही हे हाडाचं मशीन चालेल का? दोघांचे ऑडिओग्राम सोबत जोडले आहेत. — एक गणिताचा शिक्षक»

सर,

ड्रॉवरमध्ये जाऊन बसलेल्या मशीनची गोष्ट मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. गंमत अशी की तुमचं मशीन आणि आईंचं मशीन एकाच घरात, एकाच कारणासाठी बंद आहे असं वाटतं: कानात काहीतरी घालावं लागतं आणि ते सोसत नाही. पण तुम्हा दोघांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले आणि लगेच दिसलं, की तुमचं उत्तर त्यांना लागू होणार नाही आणि त्यांचं तुम्हाला.

तुम्ही गणिताचे, म्हणून आलेखापासूनच सुरू करते. ऑडिओग्राम हा उलटा आलेख असतो. रेघ जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं. आडव्या अक्षावर आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये, उभ्या अक्षावर मोठेपणा डेसिबलमध्ये. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली, हे हवेतून आलेल्या आवाजाचे बिंदू, म्हणजे कानावर हेडफोन लावून घेतलेले. त्याच कागदावर छोटे कोन किंवा चौकटी कंस दिसतील. ते हाडातून आलेल्या आवाजाचे. तपासताना कानामागच्या टणक हाडावर एक थरथरणारा ठोकळा लावला होता आणि दुसऱ्या कानात मुद्दाम 'श्श्श' असा आवाज सोडला होता, आठवतंय? तो ठोकळा आवाजाला कानाच्या भोकातून, पडद्यातून, मागच्या तीन इवल्या हाडांमधून न नेता थेट आतल्या कानापर्यंत पोचवतो. 'श्श्श' एवढ्यासाठी, की कवटी हे एकच हाड असल्यासारखं सगळं हलतं आणि उजवीकडचा आवाज डावा कान चोरून ऐकतो. त्याला गुंतवून ठेवावं लागतं.

आता वजाबाकी करा. तुमच्या उजव्या कानाची हवेची रेघ ६५ डेसिबलच्या आसपास आहे, हाडाची १५. फरक ५०. डाव्याची हवा ४५, हाड १५. फरक ३०. मोठ्या माणसात २५ डेसिबलपर्यंतचं ऐकणं साधारणपणे ठीक मानतात. म्हणजे तुमचे दोन्ही आतले कान, जिथे कंपनांचे मज्जातंतूंचे संदेश होतात तो गोगलगायीच्या शंखासारखा भाग, आजही चांगले आहेत. खराब झालीय ती वाट. मुक्काम शाबूत आहे. बहिरेपण म्हटलं की लोक एकच आकडा विचारतात, 'किती टक्के?' मी मात्र आधी या दोन रेघांमधली जागा बघते.

घरी करून बघा. दोन्ही कानांत बोटं घालून तोंड मिटून 'हंऽऽ' करा. ज्याचे कान चांगले आहेत त्याला आपला आवाज अचानक मोठा आणि घुमल्यासारखा वाटतो, तुम्हाला कदाचित तेवढा फरक जाणवणार नाही, कारण तुमचे कान तसेही अर्धे बंदच आहेत. वर्गातल्या एखाद्या मुलाला करायला सांगा, तो चकित होईल. स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज परका वाटतो त्याचं कारणही हेच: बोलताना आपण स्वतःला हवेतून आणि हाडातून असं दोन्हीकडून ऐकत असतो, रेकॉर्डिंगमधून हाडाचा वाटा गळतो. डॉक्टर कपाळाच्या मधोमध ५१२ हर्ट्झचा नादकाटा, म्हणजे ठोकला की घुमणारा धातूचा चिमटा, टेकवतात आणि 'कुठल्या कानात वाजतंय?' विचारतात. तुमच्यासारख्या रुग्णाला तो जास्त वाईट कानात वाजतो. रुग्ण बिचारा गडबडतो, 'चुकून उलटं सांगतोय का मी?' म्हणतो. उलटं नसतं. त्या कानाची वाट बंद असल्यामुळे बाहेरचा गलका तिथे कमी पोचतो आणि हाडाचा आवाज जास्त उठून दिसतो.

म्हणून तर स्टाफरूममधलं गाणं स्पष्ट लागलं. सहकाऱ्याच्या हेडफोनने नकळत तुमची हाडाची रेघ तपासली म्हणायची! पण तो श्रवणयंत्र नाही, हे पक्कं समजून घ्या. फोन जे पाठवेल तेच तो वाजवतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलेली शंका उचलून, मोठी करून तुमच्यापर्यंत आणायचं काम तो करत नाही. त्यात जो माइक असतो तो तुमचा आवाज फोनवर पलीकडे पोचवण्यासाठी. शिवाय तुमच्या रेघेप्रमाणे कुठली पट्टी किती वाढवायची, अचानक आलेला मोठा आवाज कुठे अडवायचा, हे त्यात बसवता येत नाही. फोनवर बोलायला, गाणी-बातम्या ऐकायला हवा तर जरूर घ्या. कान कोरडा राहतो, भोक उघडं राहतं, तुमच्यासाठी सोयीचाच आहे. एक मात्र सांगून ठेवते. 'पडद्यावर ताण येत नाही, मग आवाज कितीही वाढवला तरी चालतो' असं त्याच्याबद्दल सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. मोठ्या आवाजाने इजा होते ती आतल्या शंखातल्या नाजूक पेशींना, आणि हाडाची वाट नेमकी तिथेच जाते. तुमची तीच तर पुंजी आहे.

जुन्या मशीनवर राग धरू नका. त्याला दोन अडचणी होत्या. एक तुम्ही रोज भोगलीत. पोकळी केलेला कान ओलसर असतो, त्यात साच्याचं बूच बसलं की हवा खेळत नाही, आतली ओल आतच राहते आणि कान वाहायला लागतो. दुसरी अडचण आलेखातली. त्या मशीनला आवाज त्याच खराब वाटेने ढकलायचा होता. ५० डेसिबलची दरी ओलांडायला त्याला अक्षरशः ओरडावं लागतं, मग शिट्टी वाजते, आवाज फाटतो. हवा आणि हाड यांतला फरक ३०-३५ डेसिबलच्या पुढे गेला की साध्या मशीनपेक्षा हाडाचं मशीन सरस ठरू लागतं, असा या क्षेत्रातला जुना अनुभव आहे. तुमचा उजवा कान त्या हद्दीच्या बराच पुढे आहे. डावा सीमेवर.

तेव्हा डॉक्टरांनी दिशा बरोबर दाखवली. फक्त तुमच्या कानावर आधी 'स्क्रू' पडला. माझ्या मते तो शेवटी यायला हवा होता.

आधी पट्टा येतो. कपाळावरून किंवा डोक्यामागून जाणारी मऊ, ताणणारी पट्टी, तिला एक प्लास्टिकची चकती, आणि चकतीवर टिचकीसारखा बसणारा प्रोसेसर, काडेपेटीच्या निम्म्याएवढा. प्रोसेसरचा माइक वर्गातला आवाज पकडतो, आतलं यंत्र त्याचं कंपनात रूपांतर करतं आणि चकती ते कानामागच्या हाडात उतरवते. कापाकापी नाही, भूल नाही. लहान बाळं, ज्यांचं कवटीचं हाड अजून पातळ असतं, ती कित्येक वर्षं हाच पट्टा वापरतात.

पट्ट्याच्याही आधी मी एक करते. प्रोसेसर एका छोट्या दांडीवर बसवून ती रुग्णाच्या हातात देते आणि दांडीचं टोक दातांत धरायला सांगते. वरचे दात कवटीत घट्ट रोवलेले, मध्ये कातडी नाही, त्यामुळे आवाज जवळजवळ पूर्ण ताकदीने पोचतो. मग मी तोंडासमोर कागद धरून, ओठ दिसू न देता, त्यांच्याशी बोलते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, कान तुमच्यासारखेच. दांडी दातांत धरली आणि मी हळू आवाजात विचारलं, 'तुमची खुर्ची नीट आहे ना?' त्यांनी मान हलवली, मग दांडी काढून खोलीत इकडेतिकडे बघायला लागले. म्हणाले, 'पंखा वाजतोय.' पंखा आधीपासून चालू होता. या दाताच्या युक्तीत नवं काही नाही बरं का. १८७९ साली अमेरिकेत शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्सने एक कडक रबरी पंखाच काढला होता, टोक वरच्या दातांना टेकवायचं आणि पात्यावर येणाऱ्या आवाजाची थरथर दातांतून आत घ्यायची. दिसायला हातपंखा, त्यामुळे चारचौघांत लपूनही जायचा.

दांडीवर चांगलं ऐकू आलं तर पट्टा घरी न्यायला मागा. दोन आठवडे तरी. बऱ्याच ठिकाणी उसना देतात, न दिल्यास आग्रह धरा. खोलीत, शांततेत, एकाच माणसाशी बोलून काही ठरवू नका. तुमची परीक्षा वर्गात आहे. फळ्याकडे तोंड करून लिहा आणि शेवटच्या बाकावरून आकडा सांगायला लावा. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभे राहा. स्टाफरूममध्ये चारजण एकदम बोलत असतील तिथे बसा, तिथे निराशा होईल कदाचित, गोंगाटात सगळीच यंत्रं लंगडतात. चकती कानाच्या पाळीला किंवा चष्म्याच्या काडीला लागली तर शिट्टी वाजेल, ती थोडी मागे सरकवून सपाट बसवा. केस मध्ये अडकू देऊ नका. पट्टा इतकाच ताणा की त्याच्याखाली एक बोट जेमतेम जाईल. जास्त आवळलात तर संध्याकाळी डोकं ठणकतं आणि मग दोष मशीनवर जातो.

आणि एक हिशेब मनात धरा. पट्ट्यात कंपनं कातडीतून जातात, कातडी त्यातले साधारण १० ते १५ डेसिबल खाते, आणि जास्त करून वरच्या पट्टीतले. मराठीत 'स', 'श', 'फ' यांची धार तिथेच असते. म्हणजे पट्ट्यावर जे ऐकू येईल ते तुमचं किमान समजा. स्क्रूवर त्यापेक्षा चांगलंच येईल.

पण हा किमान आकडा तुम्हाला पुरेसा ठरण्याची चांगलीच शक्यता आहे, आणि हे मला सगळ्यात जास्त ठासून सांगायचंय. ज्याच्या हाडाची रेघ ४० वर आहे त्याला कातडीने १५ डेसिबल खाल्ले तर ते परवडत नाही. तुमची रेघ १५ वर आहे. तुमच्याकडे उधळायला थोडं आहे. इतकंच नाही, चिकटपट्टीवरचं एक यंत्रही मिळतं. कानामागे केस नसलेल्या जागी एक चिकटणारी चकती लावायची, तिच्यावर प्रोसेसर बसवायचा, चकती तीन ते सात दिवसांनी बदलायची. डोक्याला आवळणारं काही नाही. ते २५ डेसिबलपर्यंतच्या हाडाच्या रेघेसाठी बनवलंय, आणि तुम्ही त्यात आरामात बसता. अडचण एवढीच, की तुमच्या उजव्या कानामागे ऑपरेशनचा व्रण असणार. व्रणावर किंवा चिडलेल्या कातडीवर चकती लावत नाहीत. आरशात बघण्यात अर्थ नाही, ती जागा आपली आपल्याला दिसत नाही. घरच्या कुणालातरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा आणि तो घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, जा. उजवीकडे जागा नसली तर डावीकडे लावता येते. एका बाजूला लावलेलं यंत्र दोन्ही शंखांना ऐकवतं, हे तर तुम्ही 'श्श्श'मध्ये पाहिलंच आहे. त्याचा तोटाही तोच. आवाज कुठून आला हे एका यंत्रावर नीट कळत नाही. 'कोण बोललं?' हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागेल, फक्त आता 'काय बोललं?' विचारावं लागणार नाही.

आता स्क्रू. टाळता येत असेल तरी भीतीपोटी टाळू नये, म्हणून सांगते. तो टायटॅनियमचा असतो, लांबी ३ किंवा ४ मिलिमीटर. तुमच्या पट्टीवर ४ मिलिमीटर बघा. जागा कानाच्या भोकापासून मागे साधारण ५ सेंटीमीटरवर. पहिलं छिद्र ३ मिलिमीटरचंच पाडतात, ड्रिलला पुढे जाऊच न देणारी आड असते. तळाशी अजून हाड लागत असेल तरच आड काढून ४ मिलिमीटरपर्यंत जातात. मोठ्या माणसात बहुतेकदा फक्त तेवढी जागा बधिर करून तासाभराच्या आत उरकतं. तुमच्या बाबतीत आधीची पोकळी कुठवर गेलीय हे स्कॅनमध्ये बघून जागा थोडी सरकवतील.

हाडात धातू रुजतो हे कळलं तेही अपघाताने. स्वीडनचे पर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ साली सशांच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवून रक्ताभिसरण बघत होते. प्रयोग संपल्यावर डबी परत काढायला गेले तर निघेना, हाड तिला चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात त्या तत्त्वावर दात बसले. हल्ली ओळखीपाळखीत कुणी ना कुणी 'दाताचं इम्प्लांट' केलेलं असतंच. कानामागचा पहिला स्क्रू गोथेनबर्गमध्ये १९७७ साली बसला. तुम्ही जन्माला यायच्या आधीची गोष्ट झाली ही. जबड्यातला स्क्रू आपल्याला चालतो, कानामागचा ऐकून दचकतो, यात 'कवटी' या शब्दाचा दोष जास्त.

स्क्रूचेही प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत धातूची छोटी खुंटी कातडीतून बाहेर राहते आणि प्रोसेसर तिच्यावर खटकन बसतो. स्क्रू हाडात रुजेपर्यंत काही आठवडे, कधी तीन महिनेही थांबावं लागतं. आवाज सगळ्यात थेट. पण खुंटीभोवतीची कातडी रोज मऊ ब्रशने साफ ठेवावी लागते, आळस केला तर लाल होते, चिघळते, आणि क्वचित स्क्रू रुजतच नाही किंवा डोक्याला मार लागून सैल होतो. आसपासची कातडी थोडी बधिर राहू शकते. दुसऱ्या प्रकारात कातडी बंद, आत एक चुंबक आणि बाहेर प्रोसेसरला दुसरा. तो पुन्हा कातडीतूनच कंपनं पाठवतो, म्हणजे पट्ट्याच्याच जातीचा, शिवाय चुंबक जोराचा असला तर खालची कातडी दुखते. तिसऱ्या प्रकारात थरथरणारं यंत्रच कातडीखाली हाडाला बसवलेलं असतं आणि बाहेरून फक्त संदेश जातो. कातडी अखंड, आवाज दमदार, पण ऑपरेशन थोडं मोठं. मला विचाराल तर ज्याचे कान आधीच वाहून वाहून दमलेत, त्याने आणखी एक उघडी जागा सांभाळायला घेऊ नये. पट्टा आणि चिकट चकती दोन्ही नापास झाली तर तुम्ही तिसऱ्या प्रकाराबद्दल विचारा.

त्या वेळी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य टाका: पुढे एमआरआय करायची वेळ आली तर? ज्यात चुंबक आहे त्यात एमआरआयच्या ताकदीवर बंधनं येतात आणि आतला चुंबक त्या भागाचं चित्र काळवंडवतो. नुसत्या खुंटीला तेवढा त्रास नाही, बाहेरचा प्रोसेसर काढला की बहुधा भागतं. जे बसवाल त्याचं कार्ड पाकिटात ठेवा. दुचाकी चालवत असाल तर हेल्मेट घालताना प्रोसेसर काढून खिशात, कुठल्याही प्रकारात. आंघोळीला आणि झोपतानाही.

एक गोष्ट या सगळ्यात हरवू नये. हाडाचं मशीन ऐकवतं, कान बरा करत नाही. उलट धोका असा, की ऐकू यायला लागलं की माणूस कानाकडे बघणं सोडतो. तुमचं हाड एकदा सडलेलं आहे. पोकळी अधूनमधून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून साफ करून घ्यायलाच हवी, डाव्या कानालाही वर्षातून एकदा तरी दाखवा. वाहणाऱ्या कानाला घाण वास येऊ लागला, चक्कर आली, चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा झाला किंवा कानामागे सूज येऊन ताप-डोकेदुखी सुरू झाली, तर माझ्यासारख्यांकडे येऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि डाव्या पडद्याचं भोक शिवता येईल का, हेही विचारून ठेवा. ते बंद होऊन ती ३० डेसिबलची दरी भरली, तर कदाचित एवढ्या यंत्रांच्या भानगडीत पडावंच लागणार नाही.

मुलांचं म्हणाल, तर ती तुमच्या कानामागचं बटण दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी विसरतील. त्यांना एकदा कळलं की सरांना पाठीमागचं ऐकू येतं, की मग ती स्वतःच्याच काळजीत असतील.

आता आई. त्यांच्या आलेखात दोन्ही रेघा हातात हात घालून उतरतात. खालच्या पट्टीत ४० च्या आसपास, वरच्या पट्टीत ७०, आणि हवा-हाड यांत कुठेही ५-१० डेसिबलपेक्षा जास्त फरक नाही. म्हणजे त्यांची वाट मोकळी आहे, वयोमानाने मुक्कामच थकलाय. हाडाचं मशीन वाट टाळण्यासाठी असतं, आणि त्यांना वाटेत टाळण्यासारखं काही नाही. शिवाय हाडाला हलवून द्यायला ताकद लागते. बहुतेक प्रोसेसर ४५ डेसिबलपर्यंतच्या हाडाच्या रेघेसाठी असतात, सगळ्यात दणकट ६५ पर्यंत. आईंना बोलण्यातली धार जिथे ऐकायचीय तिथे त्यांची रेघ त्याच्याही खाली आहे. पट्टा लावला तर कानामागे नुसती गुदगुल्यांसारखी थरथर होईल आणि शब्द कळणार नाहीत. त्यांच्यासाठी कानातलं मशीनच योग्य आहे, आणि ते आहेच त्यांच्याकडे.

दुखतोय तो साचा. तो कधी घेतलेला आहे? पाच-सहा वर्षांपूर्वीचा असेल तर टोचणारच. वय वाढलं, वजन उतरलं की कानाची ठेवण बदलते, कातडी पातळ आणि कोरडी होते, जुना साचा मग जुन्या चपलेच्या उलट वागतो. किंवा तो नीटच बसत नसेल. साच्याचा वरचा टोकदार भाग कानाच्या वरच्या घडीत सरकवून मग खालचा दाबायचा असतो. वयस्कर बोटांना ते जमत नाही, टोक घडीबाहेर राहतं आणि दिवसभर रुततं. तुम्ही एकदा शेजारी बसून बघा त्या कसा घालतात. आधी मळ आहे का तेवढं डॉक्टरांकडून बघून घ्या. मग असं करा: ऑडिओलॉजिस्टकडे जाण्याच्या दोन तास आधी दोन्ही मशीनं घालायला लावा, दुखलं तरी, आणि तिथे पोचेपर्यंत काढू नका. साचा काढल्यावर कानात जिथे लाल ठिपका दिसेल तिथेच साच्यावर खूण करून ते घासतात, दहा मिनिटांचं काम आहे. मोकळ्या कानाने गेलात तर 'इथे कुठेतरी दुखतं' याच्यापुढे गाडी जात नाही. घासून भागलं नाही तर नव्याने माप घेऊन मऊ सिलिकॉनचा साचा करून घ्या.

तुमचा पट्टा एखाद्या महिन्याने आला तरी हरकत नाही. आईंना मात्र याच आठवड्यात न्या. त्या तुमच्याशी बोलतात तेव्हा घरात दोघांपैकी एकाला तरी ऐकू यायला हवं ना!